जिन्याखाली पडलेली बाईक घरीच चालू करायचीय? पहिली किक मारायच्या आधी हे वाचा

आमच्या विडी घरकुलातल्या घरात जिन्याखाली पप्पांची २००३ ची स्प्लेंडर सात वर्षं उभी होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पप्पांना किक मारता येईना, मग बटणवाली स्कूटर आली आणि ही गेली जिन्याखाली, वरून जुनी चादर टाकली (सोलापुरात चादरीला काय तोटा), चादरीवर कूलर, कूलरवर रद्दी. गेल्या उन्हाळ्यात मी ती बाहेर काढली आणि महिनाभर रविवार-रविवार करत घरीच चालू केली. मी मेकॅनिक नाही, अकाउंटचं काम करतो. त्यामुळे मी जे जे चुकलो ते तुम्ही पण चुकणार हे धरूनच हे लिहायलोय.

पहिली चूक तर पहिल्याच दिवशी केली. दोन लिटर पेट्रोल आणलं, टाकीत ओतलं आणि मित्राला बोलावून आळीपाळीनं अर्धा तास किक मारली, मग गल्लीच्या उतारावरून ढकलून बघितली. पप्पा पायरीवर बसून बघत होते, म्हणाले, "काय बे, सात वर्षं झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवतो का?" गाडी तर चालू झाली नाहीच, वर टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये गेला आणि काम दुप्पट झालं. म्हणून खालचा क्रम पाळा. किकचा नंबर बऱ्याच नंतर येतो.

मी स्प्लेंडरचं सांगणार, पण सीडी १००, पॅशन, प्लॅटिना असल्या कुठल्याही छोट्या फोरस्ट्रोक गाडीला थोड्याफार फरकानं हेच लागू आहे. आरएक्स १०० सारख्या टूस्ट्रोकचं ऑइलचं गणित वेगळं असतं, तेवढा भाग सोडून बाकीचं चालेल.

१. आधी कागद, मग पाना

खर्च करायच्या आधी गाडी कागदावर जिवंत आहे का ते बघा. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. खाजगी बाईकचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमची २०१८ ला संपली होती आणि घरात कुणाला पत्ताच नाही.

तीन गोष्टी बघायच्या. गाडी ऑनलाइन दिसते का (जुन्या पुस्तकी आरसीवाल्या काही गाड्या दिसत नाहीत, मग आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते), वर बँकेचा बोजा दिसतो का (कर्ज कधीच फिटलेलं असतं पण आरसीवरून नाव काढायचं राहिलेलं असतं), आणि ई-चलान थकलंय का. चौथी गोष्ट मला उशिरा कळली, आरसीला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे कारण ओटीपी त्यावरच येतो. पप्पांचा जुना नंबर बंद पडून जमाना झाला होता, तो बदलण्यातच एक आठवडा गेला.

भंगारातून किंवा ओळखीतून गाडी घेणार असाल तर आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा. हँडलच्या खाली जो पाइप असतो त्याच्यावर तो ठोकलेला असतो. गंज असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं हळूच पुसा. आणि कृपा करून तिथं ग्राइंडर, पॉलिश पेपर काहीही लावू नका, पेंटरला पण आधीच सांगून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी त्याच नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात. नंबर पुसट झाला की तुमची गाडी म्हणजे नुसता पार्टचा ढीग, मग सिद्ध करत बसा.

२. काय काय लागतं

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १७ नंबरचे पाने (८, १०, १२, १४, १७ हे नक्की), प्लग पाना, चांगले दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, प्लास, हवेचा फूटपंप, तारेचा ब्रश, जुने टूथब्रश आणि तीन-चार डबे. मोठ्या चाकाच्या नटाला मोठा पाना लागतो, तो शेजारच्या गॅरेजवाल्याकडून अर्ध्या तासासाठी मागून आणा, त्यासाठी विकत घेऊ नका.

स्क्रूड्रायव्हरवर मात्र पैसे वाचवू नका. कार्बोरेटरचे आणि इंजिनच्या झाकणाचे फुलीचे स्क्रू वर्षानुवर्षं बसून आवळलेले असतात, स्वस्तातला स्क्रूड्रायव्हर घातला की डोकं गोल होतं. स्क्रूला आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी स्क्रूड्रायव्हर नीट बसवून मागून हातोडीचे हलके दोन ठोके द्या आणि मगच फिरवा. आमचे काका पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते, त्यांचं म्हणणं असं की सुटत नसलेला स्क्रू ही ताकदीची नाही, सवडीची गोष्ट आहे.

पुसायला फडकी किती लागतील ते सांगता येत नाही. आपल्याकडं टॉवेलच्या कारखान्यातली वेस्ट मिळते किलोवर, ती घ्या. फक्त कार्बोरेटरच्या कामाला ती वापरू नका, एक बारीक धागा जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) गेला की संपलं.

सामान: इंजिन ऑइल एक लिटरचा डबा, प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलची रबरी नळी, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, कार्बोरेटरचं वायसर-किट, ब्रेक लायनर, क्लच आणि ॲक्सिलेटरची केबल. टायर, बॅटरी, चेनसेट हे आत्ताच आणू नका. आधी इंजिन बोलू दे.

३. धुवा, फोटो काढा आणि उंदराची चौकशी करा

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळं पाइप लावून धुवायची ऐश करू नका आणि तशी गरजही नाही. डिझेल आणि ब्रशनं चिखल-तेलाचे थर सोडवा, मग साबणाच्या दोन बादल्या. सायलेन्सरच्या नळकांड्यात आणि एअर फिल्टरच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका.

पार्ट सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो. केबल कुठून कुठं गेलीय, कुठली वायर कुठं जोडलीय, स्प्रिंग कुठल्या बाजूनं अडकवलीय. तुम्हाला वाटेल लक्षात राहील. नाही राहत. मी क्लचची केबल फोर्कच्या चुकीच्या बाजूनं नेली आणि हँडल वळवलं की आपोआप क्लच दबायचा, दोन दिवस डोकं खाजवत होतो.

आता बाजूचं पॅनल काढून एअर फिल्टरचं खोकं उघडा. आमच्या खोक्यात उंदरानं घर केलं होतं. टॉवेलचे गुलाबी-निळे धागे, गादीचा कापूस, आणि मधोमध शेंगांची टरफलं, अगदी नीट एका बाजूला रचलेली, म्हणजे जेवण एकीकडं आणि झोपायची सोय दुसरीकडं. फिल्टर अर्धा कुरतडलेला. हे न बघता मी किका मारत होतो. नशीब गाडी चालू झाली नाही, नाहीतर ते टरफल कार्बोरेटरमधून आत ओढलं गेलं असतं. उंदीर दिसला की वायरिंग पण नीट तपासा, सीटखाली आणि हेडलाइटच्या आत. कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नका, तोडून, सोलून, जोडून मग टेप.

४. इंजिन फिरतं का

प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, मग प्लग काढा. प्लगच्या भोकातून एक-दोन चहाचे चमचे नवीन इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. आत सिलेंडरची भिंत कोरडी पडलेली असते, रिंगांना बारीक गंज धरलेला असतो, तो ओला होऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून गाडी डबल स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढच्या दिशेला हळूहळू फिरवा. चाकाबरोबर इंजिन फिरायला लागलं, भोकातून फुस-फुस हवा आली की अर्धी लढाई जिंकलात. कुठं अडलं तर जोर लावू नका, थोडं मागं घ्या, परत पुढं.

बिलकुल हललंच नाही तर जाम आहे. आणखी ऑइल आणि थोडं डिझेल सोडून तीन-चार दिवस ठेवा, रोज एकदा चाक हलवून बघा. तरी नाही हललं तर मात्र हेड उघडावं लागतं आणि ते काम पहिल्यांदा करणाऱ्यानं घरी करू नये असं माझं मत आहे. किकवर उभं राहून उड्या मारणारे लोक आहेत, त्यांच्या किकचे दाते जातात आणि मग इंजिनचं झाकण उघडायचा खर्च वेगळा.

फिरलं तर भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा उडाला पाहिजे. उडाला की कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) आहे. एका गॅरेजवाल्यानं गाडी नुसती बघून मला "इंजिन काम करावं लागेल, नऊ हजार" सांगितलं होतं. अंगठ्याच्या टेस्टनं ते नऊ हजार वाचले.

५. जुनं ऑइल काढा, पण बोल्टची दिशा बघून

सात वर्षांचं ऑइल ठेवून इंजिन चालू करायचं नाही. गार ऑइल लवकर उतरत नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्याचा इथं उपयोग आहे. गाडी सकाळपासून उन्हात उभी करा, दुपारी ऑइल पाण्यासारखं येतं.

स्प्लेंडरला इंजिनच्या पोटाखाली १७ नंबरचा ड्रेन बोल्ट आहे. इथं माझी सगळ्यात महागाची चूक. बोल्ट खाली तोंड करून आहे आणि आपण वरून वाकून बघतो, त्यामुळं सोडायची दिशा डोक्यात उलटी होते. मी सोडतोय समजून आवळत होतो. सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावला. मग एकदम हलकं झालं, मला आनंद झाला, तर तो बोल्ट सुटला नव्हता, आतले आटे गेले होते. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडाचा, मार कुणाला बसणार. शेवटी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून आत नवीन आटे बसवून घेतले. त्यानं काही न बोलता बोल्टकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तर जमिनीवर आडवं व्हा, डोळा बोल्टच्या समोर न्या, आणि मग घड्याळाच्या उलट दिशेनं.

निघालेलं ऑइल काळं असेल तर ठीक. ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, मग नवीन ऑइल घालून थोडं चालवून परत बदला. बोल्टचं वायसर नवीन टाका. नवीन ऑइल साधारण ९०० मिली बसतं, पूर्ण लिटर ओतू नका. लेव्हल बघताना काडी पुसून नुसती टेकवायची, आटे आवळायचे नाहीत, आणि गाडी डबल स्टँडवर सरळ पाहिजे. जुनं ऑइल गटारात नको, गॅरेजवाले ड्रममध्ये साठवतात आणि विकतात, त्यांना नेऊन द्या, आनंदानं घेतात.

६. टाकी

हे काम अंगणात किंवा गच्चीवर, गॅस-शेगडी-उदबत्तीपासून लांब. जवळ ओलं पोतं आणि वाळूची बादली ठेवा. सिगारेटवाल्या मित्राला त्या दिवशी बोलवायचं नाही.

सीट काढली की टाकीचा मागचा बोल्ट दिसतो, तो आणि पेट्रोलची नळी काढून टाकी मागं ओढली की निघते. झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही, वॉर्निशचा येतो. ते सगळं ओतून टाकीत टॉर्च मारा. आतून तांबूस भुकटी दिसली की गंज.

पेट्रोल कॉक काढा, त्याचं भोक बुचानं बंद करा. टाकी पाण्यानं दोन-तीनदा खळखळून पेट्रोलचा वास गेला की पांढरं व्हिनेगर भरा, सोबत मूठभर जुने नट टाका आणि रात्रभर ठेवा. मधे मधे टाकी हलवा, गल्लीत आवाज होतो तो सहन करा. नट टाकताना मोजून टाका, काढताना मोजून काढा. मी बावीस टाकले, एकवीस निघाले, एक अजून आत आहे आणि स्पीडब्रेकरवर तो मला नमस्कार करतो.

व्हिनेगर ओतलं की लगेच पाणी, मग खायचा सोडा घातलेलं पाणी, मग परत स्वच्छ पाणी, आणि लगेच वाळवायची. ओली टाकी तशीच ठेवली की तासा-दोन तासात परत गंज धरतो, केलेलं सगळं पाण्यात. भर दुपारी गच्चीच्या फरशीवर तोंड उघडं ठेवून उलटी-सुलटी केली की वाळते, सोलापूरचं ऊन फुकट आहे. वाळल्यावर थोडं पेट्रोल आणि चमचाभर ऑइल आत फिरवून काढून टाका.

पेट्रोल कॉकची जाळी धुवा, रबराचं वायसर बदला. नळी सरळ नवीन. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही आणि इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून दुरुस्ती चालू असताना टाकी फुल करून ठेवू नका, लिटरभर पुरे.

७. कार्बोरेटर

बंद पडलेल्या दहा गाड्यांत बहुतेक वेळा दोषी हाच असतो. भिऊ नका, पण टेबलावर बसा, खाली पांढरं कापड पसरा, आणि एकट्यानं करा, गप्पा मारत नाही.

खालची वाटी उघडली तर माझ्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नव्हतंच, तळाला काकवीसारखा हिरवट-तपकिरी चिकट थर होता आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची लेव्हल राखणारा तुकडा) त्यात चिकटून बसला होता. पितळेचे दोन जेट दिसतात, मोठा तो मेन, आत खोल बारीक तो पायलट. दोन्ही नीट बसणाऱ्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनं काढा. जेट आभाळाकडं धरून एका डोळ्यानं बघा, मधे गोल उजेड दिसला पाहिजे. मेनमध्ये चंद्रकोरीएवढा दिसला, पायलटमध्ये अंधार.

इथं सगळे सुई किंवा तार घालतात. घालू नका. पायलटचं भोक केसासारखं बारीक आहे, तारेनं ते मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. क्लीनर स्प्रे मारा, वाटीत भिजवून ठेवा, फुंका, परत स्प्रे. माझ्या पायलटला एक पूर्ण रात्र लागली. अगदीच नाही निघालं तर लवचिक वायरमधला तांब्याचा एकच धागा, तोही हळू. नाहीतर नवीन जेट आणा, महाग नसतो.

बाजूला एक हवा-पेट्रोल ॲडजस्ट करायचा स्क्रू असतो. तो काढायच्या आधी हलक्या हातानं पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे लागले ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. आत टेकल्यावर आवळू नका, टोक मोडतं.

स्प्रे मारायच्या आधी रबराचे सगळे वायसर, फ्लोट बाजूला. डोळ्यावर चष्मा घाला, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो, अनुभवाचे बोल. बसवून झाल्यावर गाडीवर चढवायच्या आधी नळीतून पेट्रोल सोडून पाच मिनिटं बघा. ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिपकलं तर फ्लोटची सुई बसत नाहीये, परत उघडा.

८. करंट

जुन्या स्प्लेंडरची गंमत म्हणजे इग्निशनला बॅटरी लागतच नाही, सीडीआयला (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) करंट मॅग्नेटमधून जातो. म्हणजे बॅटरी मेलेली असली तरी किकवर चालू होते. बॅटरी नाही म्हणून चालू होत नाही असं कुणी सांगितलं तर या मॉडेलपुरतं तरी ऐकू नका.

नवीन प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी. प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, चावी ऑन, किक. सावलीत निळसर ठिणगी कडक दिसली पाहिजे. प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब टेकवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी नसेल तर लगेच सीडीआय बदलायला पळू नका, दुकानदार तेच सुचवेल. आधी प्लगची कॅप, मग सगळे कनेक्टर काढून घासून परत लावा, मग चावीचा स्विच. आमच्यात चावीचा स्विच आतून हिरवा झाला होता, स्प्रे मारून पन्नास वेळा ऑन-ऑफ केल्यावर ठिणगी आली.

९. आता किक

मोकळ्या हवेत आणा, बंद पार्किंगमध्ये नाही, धूर विषारी असतो. प्लग काढलेला असतानाच वीसेक किका मारून ऑइल वरपर्यंत फिरू द्या. मग प्लग हातानं आवळा, शेवटचा थोडा पान्यानं. पेट्रोल कॉक ऑन, दोन मिनिटं थांबा म्हणजे वाटी भरते. चोक वर. ॲक्सिलेटर सोडून किक.

आमची अकराव्या किकला खोकली, सतराव्याला चालू झाली. सायलेन्सरमधून एवढा पांढरा धूर आला की समोरच्या काकू बादली घेऊन बाहेर आल्या. घाबरू नका, तुम्ही सिलेंडरमध्ये घातलेलं ऑइल जळतंय. दहा-पंधरा मिनिटांत कमी झाला पाहिजे. गरम झाल्यावरही निळसर धूर येतच राहिला तर रिंगा किंवा वॉल्व्हचे सील गेलेत, ते गॅरेजचं काम.

रेस करू नका. गाडी चालू झाली की प्रत्येकाचा हात मुठीकडं जातो, मित्राचा तर पहिला. पाच मिनिटं नुसती चालू ठेवा, कुठून ऑइल-पेट्रोल गळतंय का बघा, मग चोक खाली करा, मग स्लो (मूठ सोडल्यावरचा वेग) सेट करा. चोक काढला की बंद पडत असेल तर पायलट जेट अजून साफ नाही, सेक्शन सातला परत या. मी दोनदा गेलो.

१०. थांबेल का हे बघा, मगच पळवा

इंजिन चालू झालं की लोक सरळ होटगी रोडला सुटतात. ब्रेक, टायर, चेन राहिलेलीच असते.

दोन्ही चाकं काढून ड्रम उघडा. आतली काळी भुकटी हवेनं उडवू नका, फुप्फुसाला वाईट, ओल्या फडक्यानं पुसा. लायनर काचेसारखा चकचकीत झाला असेल किंवा चिकटवलेली पट्टी सुटत असेल तर नवीन टाका. लायनरला तेलाचा हात लागू देऊ नका. ब्रेकचा कॅम काढून ग्रीस करा, उभ्या गाडीचा ब्रेक इथंच जाम होतो, दाबला की सुटत नाही.

टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी अख्खी होती पण बाजूला बोटानं वाकवलं की बारीक भेगा. उन्हात टायर असा आतून मरतो. दोन्ही बदलले, ट्यूबसकट. साइज पुढं-मागं २.७५-१८. हवा एकट्याला पुढं २५, मागं २८.

चेन डिझेलमध्ये धुतली, पण कड्या एकेका जागी अकडून राहिल्या होत्या म्हणून चेनसेटच बदलला. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडं. उलटं बसलं तर क्लिप उडते. मधोमध चेन बोटानं वर-खाली २० ते ३० मिमी हलली पाहिजे. केबलमध्ये ऑइल सोडायला पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा कापून केबलच्या तोंडाला बांधा, त्यात ऑइल ओतून रात्रभर लटकवा.

बॅटरी शेवटी. १२ व्होल्ट अडीच एएच. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट तिच्यावर, आणि पीयूसीला नाही तरी आरटीओच्या तपासणीला हे सगळं चालू लागतं.

११. रस्त्यावर आणायचे कागद

मी पहिली टेस्ट आमच्याच गल्लीत, दहाच्या स्पीडनं घेतली, पप्पा मागून चालत होते. त्याच्यापुढं नेली नाही, कारण रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावर चालवली की दंड मोठा आहे आणि विमा नसताना कुणाला धडक बसली तर घर विकायची पाळी येते. विजापूर रोडला आरटीओत नेतानाही छोट्या टेम्पोत घालून नेली.

क्रम असा: थर्ड पार्टी विमा, पीयूसी, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, मग नूतनीकरणाचा फॉर्म २५ ऑनलाइन, फी आणि पर्यावरण कर, अपॉइंटमेंट, तपासणी.

सोबत न्यायचं: मूळ आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं आधार आणि पॅन, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा, फॉर्मची प्रिंट, फीची पावती. झेरॉक्स दोन-दोन. आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि फॉर्म २६. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या, नंतर माणूस सापडत नाही.

बाईकच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून १००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या बाईकला २०००. उशिराचा आकार महिन्यावर मोजतात, त्यामुळं तो फीपेक्षा मोठा होऊ शकतो. एचएसआरपी दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, ५३१ होतात, आणि ती अधिकृत साइटवरूनच बुक करा, सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागतेच.

माझा सामानाचा खर्च नऊ हजाराच्या आत गेला, त्यातले निम्मे टायर आणि चेनसेटचे, आणि लेथवाल्याचे माझ्या मूर्खपणाचे. कागदाचा वेगळा.

१२. पहिले ५०० किलोमीटर

पन्नास किलोमीटर झाले की सगळे नट-बोल्ट परत आवळून बघा, चाकाचे आणि सायलेन्सरचे खास करून. चेन परत ॲडजस्ट करा, नवीन चेन लवकर सैल होते. ३००-५०० ला ऑइल परत बदला, पहिलं ऑइल आतला साठलेला गाळ घेऊन येतं. गाडी अधूनमधून मिसिंग मारली तर टाकीतला उरलेला गंज आहे, पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर टाका, काचेसारखा आरपार दिसणारा, म्हणजे किती कचरा येतोय कळतं.

आणि रात्री गाडी लावली की पेट्रोल कॉक बंद. जुनी फ्लोटची सुई कधी गळेल सांगता येत नाही, आणि ते पेट्रोल सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा काडी काढून बघा, लेव्हल वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका, ऑइल बदला आणि कार्बोरेटर उघडा. आमच्याकडं हे काम पप्पांनी घेतलंय. रात्री जेवण झालं की खाली जाऊन कॉक बघून येतात, आणि मी बंद केलेला असला तरी एकदा चालू करून परत बंद करतात.